क्लचच्या जोराचा इतिहास : तारेपासून तेलापर्यंत

मोटारसायकलच्या डाव्या मुठीसमोरचा क्लचचा लिव्हर दाबताना हाताला जो जोर लावावा लागतो, त्याचे मूळ इंजिनाच्या ताकदीत असते. क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी आणि चालकाला हवे तेव्हा ही जोड तात्पुरती सोडवणारी यंत्रणा. तिच्यात दोन प्रकारच्या गोल प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. घर्षणाचे अस्तर लावलेल्या प्लेटा इंजिनाबरोबर फिरणाऱ्या बाहेरच्या बास्केटमध्ये अडकवलेल्या असतात, साध्या पोलादी प्लेटा गिअरबॉक्सच्या शाफ्टवरील हबवर बसवलेल्या असतात, आणि या सगळ्या चवडीला प्रेशर प्लेट नावाची जाड प्लेट स्प्रिंगांच्या जोराने घट्ट दाबून धरते. लिव्हर दाबणे म्हणजे या स्प्रिंगांवर मात करून प्रेशर प्लेट दोन-एक मिलिमीटर उचलणे. तेवढ्याने प्लेटा एकमेकींपासून सुट्या होतात आणि इंजिन चालू असतानाही चाक थांबू शकते. इंजिनाचा पीळ, म्हणजे शाफ्ट फिरवण्याची त्याची ताकद, वाढला की प्लेटा घसरू नयेत म्हणून एक तर त्यांची संख्या किंवा व्यास वाढवावा लागतो, नाहीतर स्प्रिंगा कडक कराव्या लागतात. मोटारसायकलच्या इंजिनात जागेची टंचाई कायमची असल्याने पहिला उपाय लवकर संपतो आणि दुसऱ्याचा भार चालकाच्या बोटांवर येतो.

या दृष्टीने पाहिल्यास मोटारसायकलच्या क्लचचा इतिहास हा स्प्रिंगांचा भार कोणी आणि कोणत्या वाटेने वाहायचा, या एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या काळात दिलेल्या उत्तरांचा इतिहास ठरतो. तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक क्लच हे त्यांपैकी एक उत्तर आहे, आणि त्याच्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. हायड्रॉलिक व्यवस्था स्प्रिंगांचा जोर कमी करते, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात ती हात आणि स्प्रिंगा यांच्या मधल्या वाटेत घर्षणापायी वाया जाणारा जोर वाचवते आणि वाटेतली झीज आपोआप भरून काढते. त्यामुळे जुन्या मोटारसायकलचा हायड्रॉलिक क्लच जड झाला, तर स्प्रिंगा वयाबरोबर कडक झाल्या असे सहसा नसते. वाटेतून हद्दपार केलेले घर्षण परत आलेले असते. हे परतणे कुठे आणि का घडते, हे समजण्यासाठी ही वाट मुळात का बदलावी लागली, ते पाहणे आवश्यक आहे.

क्लचपूर्व काळ आणि तारेचा उदय

१८९४ मध्ये म्यूनिकच्या हिल्डेब्रांड उंड वोल्फम्युलर या कारखान्याने विक्रीसाठी तयार केलेल्या पहिल्या मोटारसायकलला क्लच नव्हता. तिच्या पिस्टनांचे दांडे रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाप्रमाणे थेट मागच्या चाकाला जोडलेले होते, त्यामुळे चाक थांबले की इंजिनही थांबे. त्यानंतरच्या दीड दशकातील बहुतेक यंत्रे चामड्याच्या पट्ट्यावर चालत, आणि चालकाला गाडी ढकलत धावत सुटून इंजिन पेटताच तिच्यावर उडी मारावी लागे. रस्त्यावर वर्दळ नसेपर्यंत ही कसरत चालून गेली, पण शहरातील रहदारी वाढू लागली तेव्हा प्रत्येक चौकात इंजिन बंद करणे परवडेनासे झाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास क्लच ही हौसेची जोड न राहता गरज बनली. १९१५ पासून ब्रिटिश सैन्याच्या निरोप्यांनी वापरलेल्या ट्रायम्फच्या मॉडेल एच या गाडीत तीन वेगांचा गिअरबॉक्स आणि हाताने चालवायचा क्लच होता, आणि तिने या रचनेचा टिकाऊपणा युद्धभूमीवर सिद्ध केला.

क्लच हाताने चालवायचा की पायाने, यावर दोन खंडांत दोन परंपरा रुजल्या. हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या अमेरिकी कंपन्यांच्या मोठ्या गाड्यांत क्लच पायाने दाबायचा आणि गिअर पेट्रोलच्या टाकीजवळचा दांडा हाताने हलवून बदलायचा अशी पद्धत होती. पायात ताकद भरपूर असल्यामुळे तिथे स्प्रिंगांचा कडकपणा फारसा जाणवत नसे. युरोपात मात्र क्लच डाव्या हाताकडे आणि गिअर पायाकडे गेला, आणि या निवडीमुळे शरीराचा तुलनेने दुबळा अवयव सर्वांत कडक स्प्रिंगांच्या समोर उभा राहिला.

ही निवड शक्य झाली ती बाउडेन केबलमुळे. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी १८९६ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना साधी होती : पोलादी तारेच्या घट्ट वेटोळ्यांपासून बनवलेले लवचिक आवरण आणि त्याच्या आतून सरकणारी पिळाची तार. आवरणाची दोन्ही टोके जागेवर अडकवली की आतली तार कितीही वळणे घेऊन ओढता येते, आणि हँडल वळले तरी ओढ कायम राहते. सायकलच्या ब्रेकपासून सुरुवात करून ही तार मोटारसायकलच्या ब्रेक, थ्रॉटल आणि क्लचपर्यंत पोहोचली, आणि आजही गॅरेजमध्ये तिला क्लच वायर याच नावाने ओळखले जाते.

तारेची उणीव तिच्या गुणातच दडलेली आहे. विहिरीवर पोहऱ्याचा दोर खांबाला वेढा देऊन धरला की थोड्या जोराने मोठे वजन पेलता येते, कारण वेढ्यातले घर्षण धरणाऱ्याच्या मदतीला येते. क्लचच्या तारेत हेच घर्षण ओढणाऱ्याच्या विरोधात उभे राहते. गणितज्ञ लिओनहार्ड ऑयलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार हा विरोध वळणाच्या कोनाबरोबर घातांकाच्या गतीने वाढतो. तारेने मुठीपासून इंजिनापर्यंत एकूण १८० अंशांचे वळण घेतले आणि घर्षणांक ०.१ असला, तर दुसऱ्या टोकाला हव्या असलेल्या जोरापेक्षा सुमारे ३७ टक्के अधिक जोर हाताने लावावा लागतो; तीच तार कोरडी पडून किंवा गंजून घर्षणांक ०.२ झाला, तर हा जादा जोर सुमारे ८७ टक्क्यांवर जातो. तारेचा क्लच जड झाल्यावर तिला तेल पाजणे आणि तिची वळणे सैल करणे हे मिस्त्रींचे पहिले उपाय का असतात, याचा उलगडा या हिशेबातून होतो.

जड लिव्हरवरचे जुने उतारे

दुसऱ्या महायुद्धानंतर इंजिने मोठी होत गेली आणि हातावरचा भार हा उघड प्रश्न बनला. हार्ले-डेव्हिडसनने १९५२ मध्ये आपल्या मोठ्या गाड्यांत हाताचा क्लच आणि पायाचा गिअर देऊ केला, तेव्हा पायासाठी ठरवलेल्या स्प्रिंगांचा भार हाताला पेलवेना. त्यासाठी इंजिनाच्या बाजूला आणखी एक स्प्रिंग बसवावी लागली, जी लिव्हरच्या प्रवासात एका बिंदूपलीकडे गेली की उलटी फिरून ओढण्यास मदत करी. तिच्या ठेवणीवरून अमेरिकी मिस्त्रींनी तिला उंदराच्या सापळ्याचे नाव दिले. तिची जुळवणी बिघडली की लिव्हर मध्येच अडके किंवा पूर्ण परत येत नसे, त्यामुळे जोर वाचवण्यासाठी आणलेली यंत्रणाच नव्या दोषांचे घर बनली.

ब्रिटनमध्ये १९६७ च्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मांडलेल्या नॉर्टन कमांडोने वेगळा मार्ग धरला. तिच्या क्लचमध्ये नेहमीच्या अनेक गुंडाळी स्प्रिंगांऐवजी एकच डायफ्राम स्प्रिंग, म्हणजे किंचित शंकूच्या आकाराची पोलादी तबकडी, वापरलेली होती. गुंडाळी स्प्रिंग जितकी दाबावी तितकी अधिक विरोध करते. डायफ्राम स्प्रिंगचा विरोध मात्र ती सपाट होण्याच्या सुमारास कमाल पातळी गाठून नंतर उतरतो. लिव्हर दाबून धरणे त्यामुळे सोपे जाते, पण ही सोय स्प्रिंग नेमक्या कोनात बसली तरच मिळते, आणि तो कोन प्लेटांच्या चवडीच्या एकूण जाडीवर ठरतो. वेगळ्या जाडीच्या प्लेटा बसवल्या गेल्या तर चांगल्या अवस्थेतली कमांडोही विलक्षण जड वाटू लागते. क्लचच्या जडपणाचे कारण कधी कधी लिव्हरपासून सर्वांत दूरच्या टोकाला, प्लेटांच्या जाडीत असू शकते, हा धडा या गाडीने घालून दिला.

काही रचनाकारांनी भार हलका करण्याऐवजी हातालाच सुट्टी दिली. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीने १९४६ मध्ये मांडलेल्या पेराक या २५० सीसीच्या गाडीत गिअरचा पेडल दाबताच क्लच आपोआप सुटे, आणि हाताचा लिव्हर मुख्यतः गाडी जागेवरून सोडताना लागे. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बनवलेल्या गाड्यांतून आणि पुढे येझदीतून ही सोय भारतीय चालकांच्या परिचयाची झाली. होंडाच्या १९५८ च्या सुपर कबमध्ये फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या वजनांवर चालणारा केंद्रोत्सारी क्लच होता आणि क्लचचा लिव्हर नव्हताच. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची १९७२ ची लुना याच विचाराच्या सर्वांत साध्या टोकाला उभी होती : एक वेग, आपोआप लागणारा क्लच आणि डाव्या हाताला केवळ ब्रेक. त्याच वर्षी आकुर्डीच्या बजाज ऑटोने आणलेल्या चेतक स्कूटरमध्ये मात्र क्लचचा लिव्हर दाबून धरलेल्या स्थितीत डावी मूठच फिरवून गिअर बदलावा लागे, म्हणजे एकाच मनगटावर दोन कामे पडत. लहान इंजिनांना हे सगळे मार्ग पुरले. मोठ्या इंजिनांसाठी हाताचा लिव्हर आणि कडक स्प्रिंगा यांना पर्याय सापडला नव्हता. १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या रॉयल एन्फिल्ड बुलेटच्या कडक क्लचची ख्याती त्याच अडचणीतून आलेली होती.

तेलाच्या दाबाकडे

बंदिस्त द्रवाच्या एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल यांचा सिद्धांत त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात मांडलेला आहे. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये त्यावर आधारित दाबयंत्राचे पेटंट घेतले आणि लहान पंपाने प्रचंड भार उचलता येतो हे कारखान्यांना दाखवून दिले. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये हेच तत्त्व मोटारीच्या ब्रेकला लावले, १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले, आणि पुढच्या काही दशकांत मोटारींचे क्लचही तेलावर चालू लागले. मोटारसायकलपर्यंत ही वाट उशिरा पोहोचली; होंडाच्या १९६९ च्या सीबी ७५० ने पुढच्या चाकाचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत आणला, आणि हँडलवर तेलाची लहान डबी बसवण्याची कल्पना चालकांच्या अंगवळणी पडली. क्लचच्या बाजूलाही तशी डबी बसायला आणखी बारा-तेरा वर्षे गेली.

१९८२ मध्ये होंडाने आणलेल्या व्हीएफ ७५० मालिकेतील सेबर आणि मॅग्ना या गाड्या हायड्रॉलिक क्लच असलेल्या पहिल्या काही जपानी गाड्यांत मोडतात. पुढील दोन-तीन वर्षांत होंडाची गोल्ड विंग जीएल १२००, कावासाकीची जीपीझेड ९०० आर आणि यामाहाच्या एफजे ११०० व व्ही-मॅक्स या गाड्यांनी तीच रचना स्वीकारली, आणि इटलीच्या डुकाटीने आपल्या कोरड्या, म्हणजे इंजिन ऑइलबाहेर फिरणाऱ्या, क्लचलाही ती जोडली. यांतील बहुतेक जपानी गाड्यांत एक समान धागा होता : इंजिने ताकदवान होती, आणि रेडिएटर, चार सिलिंडर व वाऱ्याला छेदणारी आवरणे यांच्या दाटीत तारेला सरळ वाट मिळणे कठीण झाले होते. तारेला प्रत्येक वळणाचा दंड भरावा लागतो. तेलाच्या पाइपला तो भरावा लागत नाही, आणि हायड्रॉलिक क्लच येण्यामागचे खरे कारण हेच होते.

या व्यवस्थेत लिव्हरजवळ मास्टर सिलिंडर असतो. लिव्हर दाबला की त्यातला लहान पिस्टन तेल पाइपमध्ये ढकलतो, आणि इंजिनाजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमधील मोठा पिस्टन बाहेर येऊन पुशरॉड नावाच्या लांब दांड्यामार्फत प्रेशर प्लेट उचलतो. मास्टरचा व्यास १४ मिलिमीटर आणि स्लेव्हचा ३५ मिलिमीटर धरल्यास त्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर ६.२५ येते, म्हणजे पिस्टनवर आलेला जोर तितक्या पटीने वाढतो. पण निसर्ग येथे सवलत देत नाही, कारण प्रेशर प्लेट २ मिलिमीटर उचलण्यासाठी मास्टरच्या पिस्टनला १२.५ मिलिमीटर सरकावे लागते. लिव्हरचा प्रवास बोटांच्या पोहोचीपुरता मर्यादित असल्याने रचनाकाराला हे गुणोत्तर हवे तितके वाढवता येत नाही. तारेच्या क्लचमध्येही लिव्हरच्या आणि इंजिनावरच्या दांड्याच्या लांबीतून असेच गुणोत्तर साधलेले असते, त्यामुळे दोन्ही नव्याकोऱ्या यंत्रणांची तुलना केली तर फरक मुख्यतः वाटेतल्या घर्षणाचाच उरतो.

दुसरा लाभ स्वयंजुळवणीचा. मास्टर सिलिंडरमध्ये तेलाच्या डबीकडे उघडणारे एक अतिशय बारीक छिद्र असते. लिव्हर सुटा असताना ते उघडे राहते आणि तेल गरम होऊन फुगले किंवा प्लेटा झिजून पिस्टनची जागा बदलली, तर तेवढे तेल डबीत परत जाऊ देते. चालकाला तारेसारखा ताण पुन्हा पुन्हा जुळवावा लागत नाही. मात्र या सोयीमुळे क्लच झिजत असल्याची जाणीवच होत नाही, आणि ज्या भागाकडे वर्षानुवर्षे लक्ष द्यावे लागत नाही, त्याची निगाही वर्षानुवर्षे राहून जाते.

तेलाचे वय

या यंत्रणेत बहुधा वापरला जाणारा द्रव म्हणजे गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल म्हणून ओळखला जाणारा ग्लायकॉल वर्गातला द्रव, आणि त्याचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म हवेतली आर्द्रता शोषून घेणे हा आहे. अमेरिकी मानकानुसार डॉट ४ प्रकारच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. ब्रेकच्या बाबतीत हा आकडा जिवावर बेतू शकतो. क्लचमध्ये तेल उकळण्यापेक्षा त्याच पाण्यामुळे होणारी गंज अधिक महत्त्वाची ठरते. ओलसर तेल ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून खात जाते, त्यातून सुटलेले कण आणि रबराचा कीस मिळून गढूळ गाळ तयार होतो, आणि हा गाळ सर्वांत खालच्या जागी, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरमध्ये, जाऊन बसतो.

स्लेव्ह सिलिंडरची जागा त्याच्या दुर्दैवात भर घालते. अनेक जपानी गाड्यांत तो इंजिनाच्या डाव्या बाजूला, साखळीच्या पुढच्या स्प्रॉकेटच्या आवरणाजवळ असतो, जिथे साखळीचे वंगण, धूळ आणि पावसाचे पाणी यांचा चिखल साठतो. पिस्टनचा बाहेरचा भाग या चिखलात खडबडीत होतो, आतला भाग गाळाने अडखळतो, आणि पिस्टन जाम होत जातो. कोकणपट्टीसारख्या दमट आणि खाऱ्या हवेत ही प्रक्रिया साहजिकच लवकर घडते.

रबराच्या पाइपचे वार्धक्य बाहेरून दिसत नाही. आतला थर फुगून वाट अरुंद झाली की तेल एका दिशेने जोराने ढकलावे लागते आणि परत येताना रेंगाळते, त्यामुळे लिव्हर जड लागतो आणि सोडल्यावर क्लच सावकाश पकडतो. रबर फुगण्याचे दुसरे कारण मानवी असते. ग्लायकॉल द्रवासाठी बनवलेली रबरी सीले खनिज तेलाच्या संपर्कात आली की सुजतात, आणि खनिज तेलासाठी बनवलेल्या सीलांची ब्रेक ऑइलमध्ये तीच गत होते. जर्मनीतील बाड उराख येथे १८९३ मध्ये स्थापन झालेल्या मागुरा कंपनीच्या अनेक हायड्रॉलिक क्लचांत खनिज तेल वापरले जाते, आणि अशा गाडीच्या एका मुठीवर ब्रेक ऑइलची डबी तर दुसरीवर खनिज तेलाची डबी असू शकते. डबीच्या झाकणावरची सूचना न वाचता एकाच बाटलीतून दोन्ही भरल्या, तर क्लच जड होण्यास फार दिवस लागत नाहीत.

दोषाचा शोध

दोष शोधण्याची रीत या इतिहासातूनच घडत गेली आहे. पहिली पायरी म्हणजे जड क्लच आणि पोकळ क्लच यांत फरक करणे. लिव्हर मऊ, भुसभुशीत लागत असेल, तर तेलात हवा शिरलेली असते किंवा कुठेतरी गळती असते, आणि एअर काढणे, म्हणजे निपल सैल करून हवेचे बुडबुडे तेलाबरोबर बाहेर घालवणे, हा त्यावरचा उपाय असतो. लिव्हर जड लागत असेल तर हवेचा संबंध नसतो, कारण हवा दाबली जाते, विरोध करत नाही. तरीही जड क्लचवर एअर काढून पाहण्याची सवय सर्वत्र आढळते. जुने तेल बाहेर पडून नवे आल्यामुळे कधी कधी थोडा फरक पडतो, आणि त्या फरकाचे श्रेय चुकीच्या कारणाला मिळते.

त्यानंतर वाट तुकड्यांत विभागून तपासली जाते, आणि सुरुवात सर्वांत स्वस्त तुकड्यापासून होते. लिव्हरचा खिळा आणि लिव्हर ज्या ठिकाणी पिस्टनच्या दांडीला टेकतो तेथील पितळी बुश कोरडे पडले किंवा झिजून अंडाकृती झाले, तर दांडी तिरकी दाबली जाते आणि सगळी यंत्रणा निर्दोष असूनही हाताला जडपणा जाणवतो. होंडाच्या जुन्या गाड्यांत हे बुश नेहमी आढळते आणि ते बदलण्यास काही मिनिटेच लागतात. मास्टर सिलिंडर मूळचाच आहे का, हे पाहणे ही पुढची पायरी. जुन्या गाडीवर दुसऱ्या मॉडेलचा सिलिंडर बसवला गेलेला असणे सामान्य आहे, आणि १४ मिलिमीटरच्या जागी १६ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आला, तर क्षेत्रफळांच्या हिशेबाने हाताचा भार सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतो, जरी दोन्ही सिलिंडर बाहेरून जवळजवळ सारखे दिसत असले तरी.

त्यानंतरची पायरी स्लेव्ह सिलिंडर इंजिनापासून सोडवण्याची. त्याचा पिस्टन अंगठ्याने आत दाबला असता तो सरळ सरकला आणि डबीतील तेल वर आले, तर पाइप आणि छिद्र मोकळे आहेत असे समजावे. पिस्टन अडखळला तर दोष सिलिंडरमध्ये, आणि पिस्टन मोकळा असूनही तेल परत जात नसेल तर पाइपमध्ये किंवा मास्टरच्या बारीक छिद्रात. या अवस्थेत लिव्हर दाबणे टाळावे लागते, कारण समोर स्प्रिंगांचा विरोध नसल्याने पिस्टन सिलिंडरबाहेर पडतो. एवढे सगळे निर्दोष ठरले, तरच संशय पुशरॉड, त्याच्या टोकाचे बेअरिंग आणि खुद्द क्लच यांच्याकडे वळतो. तेथे वाकलेला किंवा गंजलेला पुशरॉड सापडू शकतो, किंवा पूर्वीच्या मालकाने घातलेल्या कडक स्प्रिंगा. या स्प्रिंगांनाही अनेकदा एक पूर्वकथा असते : मोटारीसाठी बनवलेल्या, घर्षण कमी करणाऱ्या रसायनांच्या इंजिन ऑइलमुळे प्लेटा घसरू लागतात आणि त्यावर तेल बदलण्याऐवजी स्प्रिंगा बदलल्या जातात. मोटारसायकलच्या तेलात भिजणाऱ्या क्लचला मानवणारी इंजिन ऑइले वेगळी ओळखता यावीत, म्हणून जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस जासो एमए हे मानक आखले गेले.

महाराष्ट्रातील गॅरेजांना तेलाच्या दाबाची ओळख क्लचमधून झाली नाही. ती ब्रेकमधून झाली. १९९९ ची हीरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाज पल्सर यांच्यानंतर डिस्क ब्रेक मध्यमवर्गीय मोटारसायकलवर रुळला, आणि ब्रेक ऑइल, रबर किट, एअर काढणे हे शब्द व कौशल्ये गावोगावी पोहोचली. हायड्रॉलिक क्लचची मोठी गाडी समोर आली की हेच ज्ञान कामी येते, पण एका ठिकाणी ते दिशाभूल करते. ब्रेकचे पॅड झिजले की डबीतील तेलाची पातळी खाली जाते, आणि खाली गेलेली पातळी भरून काढणे योग्य ठरते. क्लचच्या प्लेटा झिजल्या की पुशरॉड मागे सरकून स्लेव्हमधले तेल डबीकडे परत पाठवतो आणि पातळी वर चढते. क्लचची डबी काठोकाठ भरून ठेवल्यास झिजेबरोबर परत येणाऱ्या तेलाला जागा उरत नाही, आणि बारीक छिद्र गाळाने बुजले असेल तर प्लेटा पूर्ण पकडत नाहीत. त्यातून उद्भवणारी घसरण प्लेटांचा दोष समजली जाते आणि निष्कारण इंजिन उघडले जाते.

तारेचे पुनरागमन

हायड्रॉलिक क्लच हा तारेच्या क्लचचा अंतिम वारसदार ठरेल, असे १९८० च्या दशकात वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. सुझुकीच्या १९९९ च्या हायाबुसाने तेलाची वाट धरली, तर त्याच्या एक वर्ष आधी आलेल्या यामाहा आर १ ने वजन वाचवण्यासाठी तारच ठेवली. होंडाने २००४ च्या सीबीआर १००० आरआरमध्ये हायड्रॉलिक क्लच दिला आणि २००८ च्या नव्या आवृत्तीत तो काढून पुन्हा तार आणली. या माघारीला आधार मिळाला तो क्लचच्या आतल्या भागात झालेल्या सुधारणेचा. असिस्ट क्लच या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत हब आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये तिरके उतार कोरलेले असतात, आणि इंजिन चाकाला ओढू लागले की याच उतारांमुळे प्लेटा आपोआप अधिक घट्ट दाबल्या जातात. त्यामुळे मूळ स्प्रिंगा मऊ ठेवता येतात. वाटेतले घर्षण कमी करण्याऐवजी वाटेच्या शेवटी असलेला भारच कमी झाल्यावर तारेचे दोष सुसह्य ठरले. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या बजाज डॉमिनार ४०० या ताकदवान गाडीचा क्लच तारेवर चालूनही हाताला हलका लागतो, तो याच रचनेमुळे.

दुसरीकडे तेलाची वाट कायम ठेवून हात बाजूला करण्याचे प्रयोगही झाले. यामाहाच्या २००६ च्या एफजेआर १३०० एई या गाडीत क्लच हायड्रॉलिक असूनही त्याला लिव्हर नव्हता, तेल ढकलण्याचे काम विजेवर चालणारी मोटर करीत असे. होंडाने २०१० च्या व्हीएफआर १२०० एफमध्ये दोन क्लचांचा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स देऊ केला. १९४६ च्या जावामागचा विचार या दोन्ही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्सच्या रूपात परत आलेला दिसतो, आणि इलेक्ट्रिक दुचाकींनी तर क्लचचीच गरज संपवली.

१९८२ ते २००० च्या दरम्यानच्या हायड्रॉलिक क्लचच्या गाड्या या बदलांच्या मधल्या टप्प्यावर उभ्या आहेत. त्यांच्या स्प्रिंगा असिस्ट क्लचपूर्व काळातल्या, म्हणून कडक आहेत, आणि त्या कडकपणाला सुसह्य करणारी तेलाची वाट रबर, ॲल्युमिनियम व आर्द्रता शोषणारा द्रव या नाशवंत वस्तूंची बनलेली आहे. अशा गाडीचा क्लच काही प्रमाणात जड असणे हा तिच्या काळाचा गुण आहे आणि तो कोणत्याही दुरुस्तीने पूर्णपणे जाणार नाही. तो पूर्वीपेक्षा जड होणे हा मात्र निगेचा प्रश्न आहे. दर दोन वर्षांनी तेल बदलण्याची जी शिफारस कारखान्यांच्या पुस्तिकांत ब्रेक आणि क्लच या दोहोंसाठी आढळते, ती ब्रेकच्या बाबतीत भीतीपोटी पाळली जाते आणि क्लचच्या बाबतीत विसरली जाते. जड झालेल्या बहुतेक जुन्या हायड्रॉलिक क्लचांचे निदान या विसरण्यापाशीच येऊन थांबते, आणि ताजे तेल, नवी सीले, नवा पाइप व वंगण दिलेले बुश एवढ्या साहित्यावर त्यांचा मूळचा हलकेपणा परत मिळतो.